२७ व्या वर्षी मॅट्रिक, पन्नाशीत बी.ए. : रात्रशाळेतून कोसबाडच्या टेकडीपर्यंत पोचलेल्या अनुताई वाघ

निर्मळहून डहाणू तसं लांब नाही. नालासोपारा नाहीतर विरार स्टेशन गाठायचं, विरारला डहाणू लोकल धरायची आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव करत साधारण ६५ किलोमीटरवर उतरायचं. तिथून पुढे चिकूच्या वाड्या ओलांडत गेलं की कोसबाडची टेकडी येते. आणखी पुढे बोर्डी, आणि बोर्डीनंतर गुजरातची हद्द.

निर्मळचं तळं, टेकडीवरचं शंकराचार्यांचं समाधिमंदिर आणि कार्तिकातली जत्रा वसईकरांना नव्याने सांगायला नको. पण आपल्याच पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई राहिली, जिने मॅट्रिकची परीक्षा २७ व्या वर्षी दिली आणि बी.ए.ची पदवी पन्नाशी गाठल्यावर घेतली, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. अंगणवाडी हा शब्द मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. तुमच्या गावातही एक असेलच. त्या शब्दामागच्या कामात या बाईचा मोठा वाटा आहे.

त्यांचं नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. मोरगाव म्हणजे अष्टविनायकातलं, मोरेश्वराचं. पुढे त्यांचं बालपण आणि शाळा इगतपुरीला झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. साल होतं १९२३. मुलीचं लग्नाचं वय किमान १४ करणारा शारदा कायदा यायला अजून सहा वर्षं होती. म्हणजे या लग्नात बेकायदा असं काहीच नव्हतं, उलट सगळं रीतसर होतं.

लग्नाला सहा महिनेही झाले नाहीत तोच नवरा वारला.

तेरा वर्षांची विधवा म्हणजे काय, हे आज कल्पनेनेच समजून घ्यावं लागतं. घरात एक जास्तीचं माणूस, राबायला हक्काचं आणि शुभकार्यात अपशकुनाचं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये होऊन गेला होता, पण कायदा पुस्तकात होता आणि मुलगी स्वयंपाकघरात. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढून पाव शतक उलटलं होतं. रमाबाई रानडे यांचं पुण्यातलं सेवासदन प्रौढ बायकांना अक्षर ओळखण्यापासून नर्सिंगपर्यंत शिकवत होतं. म्हणजे वाट अगदीच नव्हती असं नाही. फक्त ती वाट प्रत्येक घराच्या दारापर्यंत आलेली नव्हती.

अनुताईंच्या बाबतीत वाट शाळेची निघाली. त्या शिकत राहिल्या आणि १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत नाशिक भागातून पहिल्या आल्या. वय पंधरा. वैधव्य येऊन दोन वर्षं झालेली.

इथे जरा थांबून ही व्हर्नाक्युलर फायनल काय होती ते बघायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात अडकलेली आहे.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात शिकण्याचे दोन रूळ होते. एक रूळ मराठी शाळेचा. सातवीपर्यंत मराठीतून शिकायचं, शेवटी फायनलची परीक्षा द्यायची. ती पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं, नाहीतर कचेरीत बारकीसारकी कारकुनी मिळायची. खेड्यातल्या घरात फायनल पास झालेला मुलगा म्हणजे मोठं प्रस्थ. दुसरा रूळ इंग्रजी शाळेचा. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीत जायचं, पुढे मॅट्रिक, मग कॉलेज, मग पदवी. वकील, डॉक्टर, प्रोफेसर सगळे या दुसऱ्या रुळावरून आलेले.

गोम अशी होती की पहिल्या रुळावरून दुसऱ्यावर यायला फाटाच नव्हता. फायनलला तुम्ही सबंध विभागात पहिले आलात तरी कॉलेजचं दार बंद, कारण मॅट्रिक नाही. मॅट्रिक का नाही, तर इंग्रजी येत नाही. इंग्रजी शिकायचं तर दहा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसायचं. मोठ्या माणसाला, त्यातही नोकरी करून पोट भरणाऱ्या माणसाला, ते कसं जमणार?

गरिबाघरची मुलं आणि जवळपास सगळ्याच मुली पहिल्या रुळावर असायच्या. हा काही योगायोग नव्हता.

अनुताई याच रुळावरून पुढे गेल्या. पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात शिक्षिका म्हणून लागल्या. एकोणीस वर्षांची विधवा, खेडेगाव आणि सरकारी नोकरी. पुढची चार वर्षं त्यांनी तिथल्या ग्रामीण शाळांमध्ये काढली. खेड्यातली शाळा कशी चालते आणि कशी चालत नाही, याचा पहिला धडा त्यांना इथे मिळाला. पुस्तक शहरातून येतं, पोर शेतातून येतं आणि दोघांची गाठ पडतेच असं नाही. या धड्याचा उपयोग पुढे फार वर्षांनी झाला.

१९३३ मध्ये त्या पुण्याला हुजूरपागेत शिकवायला आल्या. हुजूरपागा म्हणजे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर या मंडळींनी १८८० च्या दशकात काढलेली मुलींची नामांकित शाळा. इथल्या पोरी मॅट्रिक होत होत्या, पुढे कॉलेजात जात होत्या. त्याच शाळेच्या आवारात शिकवणाऱ्या अनुताई मात्र स्वतः मॅट्रिक नव्हत्या.

चांगली नोकरी होती. पगार होता. विधवा बाईला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं, एवढ्यावर त्या काळात कुणीही समाधान मानलं असतं, आणि त्यात काही चूकही नव्हतं. अनुताईंनी रात्रशाळेत नाव घातलं.

रात्रशाळा महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्येच पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. पुढे मुंबईत गिरण्या आल्या, पुण्यात छापखाने आणि कचेऱ्या आल्या, तशा दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्री भरणाऱ्या शाळाही वाढल्या. मुंबईच्या गिरणगावात तर रात्रशाळेतून मॅट्रिक होणं हीच कित्येकांची शिडी होती.

अशा शाळेची करामत कशात असते? इमारतीत नाही, बहुतेक वेळा ती दिवसाच्या शाळेचीच असते. पुस्तकंही तीच. फरक एवढाच की ती शाळा तुमच्या आयुष्याच्या वेळापत्रकात बसते. नोकरी सोडायला लावत नाही. तुमचं वय विचारून हसत नाही, कारण शेजारच्या बाकावर बसलेला माणूसही दिवसभर काम करून आलेला असतो. अमेरिकेत हेच काम कम्युनिटी कॉलेज करतं. इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावात १९०१ मध्ये असं पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं. मोठ्या विद्यापीठात जाणं ज्यांना परवडत नाही त्यांना गावातच दोन वर्षं शिकता यावं, हा त्यामागचा साधा हिशोब. पुढे संध्याकाळचे वर्ग आले, संसारी माणसं आली, फॅक्टरीतले कामगार आले. डेन्मार्कमध्ये तर त्याच्याही आधी, १८४४ पासून, शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या. तिथे परीक्षेला महत्त्व नव्हतं. आपल्याकडे मात्र परीक्षेलाच महत्त्व होतं, कारण दार तिथेच अडलेलं होतं.

तर अनुताईंचा दिवस असा दोन शाळांमध्ये वाटला गेला. दिवसा शिकवायचं, रात्री शिकायचं. दिवसा फळ्यासमोर तोंड करून बसलेल्या मुली, रात्री फळ्यासमोर आपणच. शिक्षकाने असं पुन्हा विद्यार्थी व्हायला लागणं ही फार औषधी गोष्ट आहे. न समजणं म्हणजे काय, हे शिक्षक विसरून गेलेला असतो. रात्रीच्या बाकावर ते परत आठवतं.

१९३७ मध्ये अनुताई मॅट्रिक झाल्या. फायनल आणि मॅट्रिक या दोन परीक्षांमध्ये बारा वर्षं गेली होती.

आता फिल्मी गोष्ट असती तर मॅट्रिक झाल्याबरोबर आयुष्य पालटलं असतं. तसं काही झालं नाही. त्या हुजूरपागेतच शिकवत राहिल्या. प्रौढपणी घेतलेल्या शिक्षणाचा हा एक स्वभावच आहे. त्याचं फळ लगेच पगाराच्या पाकिटात दिसत नाही. ते दिसतं पुढे कधीतरी, एखाद्या अनोळखी वळणावर माणूस हो म्हणतो की नाही म्हणतो त्यात.

अनुताईंचं वळण १९४५ मध्ये आलं.

कस्तुरबा गांधी १९४४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठी काम करायचं ठरलं आणि त्यासाठी ग्रामसेविका तयार करायचं एक शिबिर बोरिवलीला भरलं. तेव्हाची बोरिवली म्हणजे मुंबईबाहेरचं गाव. अनुताई या शिबिराला गेल्या, आणि तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली.

ताराबाई आणि अनुताई यांच्यात साम्य थोडं, फरक जास्त. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतल्या सुधारक, प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातला. १९१४ मध्येच त्या बी.ए. झालेल्या. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, मग ती मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाचे प्रयोग करायला गेल्या. मारिया माँटेसरी या इटालियन बाईंनी लहान मुलांना शिकवण्याची जी पद्धत काढली होती ती भारतीय घरांत कशी बसवायची, हा गिजुभाई आणि ताराबाईंचा ध्यास. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. थोडक्यात, ताराबाई पहिल्यापासून दुसऱ्या रुळावरच्या, कॉलेजातल्या. अनुताई पहिल्या रुळावरून रात्री चालत चालत आलेल्या.

पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीचं सामान महाग. ते शहरातल्या, खात्यापित्या घरातल्या पोरांनाच परवडायचं. वास्तविक माँटेसरी बाईंनी १९०७ मध्ये पहिलं बालघर काढलं ते रोममधल्या गरीब वस्तीत. भारतात येईपर्यंत त्याची श्रीमंतांची शाळा झाली होती. ही शाळा खेड्यात, झोपडीत, पैशांशिवाय करून दाखवायची, असं ताराबाईंनी ५३ व्या वर्षी ठरवलं. त्यासाठी त्यांनी बोर्डी गाव निवडलं.

बोर्डीच का? आचार्य शंकर रामचंद्र भिसे तिथे शाळा चालवत होते आणि आदिवासींमध्ये काम करत होते, त्यामुळे पाय ठेवायला जागा होती. आणि आजूबाजूला वारल्यांचे पाडे होते, जिथे शाळा नावाची गोष्ट पोचलीच नव्हती.

त्या पाड्यांवर १९४५ मध्ये काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातला वारली जमीनदार-सावकारांच्या वेठीत जखडलेला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको जन्मभर मालकाकडे राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच पट्ट्यात, दोन बायका लहान मुलांना गाणी शिकवायला आल्या. हे काहींना विजोड वाटेल. पण वेठ संपल्यावर त्या माणसाच्या पोराने काय करायचं, हा प्रश्न कुणीतरी हातात घ्यायलाच हवा होता.

अनुताईंचं वय तेव्हा ३५ होतं. पुण्यातली कायम नोकरी, मुलींच्या नामांकित शाळेत मान. ते सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र असं कामाचं नाव.

पहिली अडचण अभ्यासक्रमाची नव्हतीच. पोरंच येत नव्हती. बालवाडी काढली, जागा केली, आणि मुलं आपल्या जागी. जी मोठी होती ती गुरांमागे, जी लहान होती ती आणखी लहान भावंडाला कडेवर घेऊन. आईबाप पहाटे मजुरीला गेलेले. शाळा म्हणजे त्यांच्या लेखी बड्या लोकांचा उद्योग.

मग मुलं शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जायचं, असं ठरलं. बोर्डीच्या हरिजनवाड्यात, कुणाच्या तरी घरासमोर, अंगणात सकाळी बालवाडी भरू लागली. सेविकांनी जायचं, अंगण झाडायचं, पोरांना गोळा करायचं. तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. गावातल्या मध्यवर्ती बालवाडीपेक्षा ही वेगळी, हे सांगण्यासाठी केलेला साधा शब्द. त्यात आईचंही शिक्षण आपोआप व्हायचं, कारण ती दारात उभी राहून बघत असायची.

महागाचं माँटेसरी सामान तर नव्हतंच. त्याऐवजी समुद्रावरचे शंखशिंपले आले, झाडांची पानं, बिया, गारगोट्या आल्या. लहानमोठं ओळखायचं ते शिंपल्यांवरून, मोजायचं ते बियांवर. बोर्डीला समुद्र आहेच आणि बिया तर कुठेही मिळतात. चांदवडच्या खेड्यात पुस्तक आणि पोर यांची गाठ पडत नाही हे पाहिलेल्या बाईला यात नवल वाटलं नसणार.

या कामात सवर्ण घरातल्या बाईने हरिजनवाड्यात जाऊन पोरांना अंघोळी घालणं हेही आलंच. गावांमधून याला विरोध होणं त्या काळात ठरलेलं होतं. आज ही गोष्ट एका ओळीत लिहून होते. तेव्हा ती रोज सकाळी करावी लागत होती.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हललं. बोर्डी निदान गाव होतं, कोसबाड म्हणजे टेकडी आणि भोवती वारल्यांचे पाडे. इथे दोन प्रयोग झाले, ते आजच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावेत असे आहेत.

एक कुरणशाळा. गुरं राखणारं पोर शाळेत का येत नाही? कारण गुरं कोण राखणार. याचं सरळ उत्तर असं निघालं की शिक्षकानेच कुरणात जायचं. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसली आहेत आणि तिथेच मोजणी, अक्षरं, झाडापानांची माहिती. गुरं पांगली की पोराने उठून जायचं, वळवून आणायची, परत बसायचं. निरीक्षकाने बघितलं असतं तर त्याला ही शाळा वाटली नसती.

दुसरा प्रयोग विकासवाडीचा. मोठी बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर तान्हं आहे. तर मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवा. तान्ह्याला पाळण्यात टाकून ताईने पलीकडच्या वर्गात जायचं. मधलं भावंड बालवाडीत. तिघं बरोबर यायची, तिघं बरोबर घरी जायची. ऐकायला किती सोपं वाटतं! सोपं असूनही त्याआधी ते कुणाला सुचलं नव्हतं, कारण शाळा काढणारे आधी इमारत बघतात, मग पोराचा दिवस.

रात्रशाळेची आणि कुरणशाळेची जात एकच आहे. शिकणाऱ्याच्या दिवसात जिथे फट सापडेल तिथे शाळा बसवायची. अनुताई या फटीतूनच शिकल्या होत्या. कुरणशाळेचं श्रेय ताराबाई आणि अनुताई दोघींचं, पण गुरांमागच्या पोराच्या वेळापत्रकाची अडचण दोघींपैकी कुणी अंगावर काढली होती, हे उघड आहे.

आणि या सगळ्या धबडग्यात, १९६१ मध्ये, अनुताई बी.ए. झाल्या.

वय पन्नाशीचं. मॅट्रिक होऊन चोवीस वर्षं झालेली, फायनल होऊन छत्तीस. नोकरीत बढती मिळवायची होती असं म्हणावं, तर त्या नोकरीत नव्हत्याच. कोसबाडच्या वारल्यांना त्यांच्या नावापुढे कोणती अक्षरं आहेत याच्याशी देणंघेणं नव्हतं. ताराबाईंना तर मुळीच नव्हतं. १९२५ मध्ये बंद झालेलं एक दार उघडून बघायचं राहिलं होतं, ते त्यांनी उघडलं. मोठेपणी शिकणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात की आता या वयात याचा उपयोग काय. त्या प्रश्नाचं उत्तर देत बसण्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास करायला वेळ कमी लागतो.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. कामाचं सगळं ओझं अनुताईंवर आलं. त्या ६३ वर्षांच्या होत्या. या वयात लोक निवृत्त होतात.

या काळातलं त्यांचं सर्वांत टिकाऊ काम सेविका घडवण्याचं म्हणावं लागेल. बालवाडी चालवायला बाई लागते. ती शहरातून आणली तर टिकत नाही, पोरांची बोली तिला कळत नाही. म्हणून आसपासच्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना हाताशी धरायचं आणि शिकवून तयार करायचं. एकेकाळी फायनल पास होऊन पुढचं दार बंद असलेली जी पोरगी चांदवडला शिकवायला गेली होती, तिच्यासारख्याच या बायका. त्यांच्यासाठी अनुताईंनी पुस्तकं लिहिली ती अगदी कामाची: बालवाडी कशी चालवावी, मुलांना सकस खायला काय द्यावं. शिक्षणपत्रिकेचं आणि बायकांसाठीच्या सावित्री मासिकाचं संपादन केलं. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचं आत्मकथन. बालवाडीच्या बाईसाठी लिहिणारा माणूस जड मराठी लिहूच शकत नाही, आणि अनुताईंचं लिहिणं तसंच सरळ आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभरातल्या ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, शाळापूर्व शिक्षण. प्रत्येक वस्तीत त्याचं एक केंद्र असणार होतं, आणि त्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा शब्द चालतो. सरकारी योजनेने शब्द उचलला, वस्तीतलीच बाई सेविका म्हणून नेमायची ही कल्पनाही उचलली. मात्र त्या बाईला पगार न देता मानधन द्यायचं ठरलं, आणि त्या मानधनासाठी सेविकांना आजही मोर्चे काढावे लागतात. बोर्डीच्या अंगणात जे काम मिशन म्हणून झालं, तेच दुसऱ्याकडून करून घेताना त्याचं मोल स्वस्त लावलं गेलं, हे खटकण्यासारखंच आहे.

अनुताई मात्र थांबल्या नव्हत्या. १९८२ मध्ये, ७२ व्या वर्षी, त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत ग्राममंगल ही नवी संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातल्या आणखी आतल्या, दाभोणसारख्या गावांमध्ये काम सुरू केलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्या गेल्या.

अनुताई हयात असतानाच, १९८९ मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. बारावी न झालेल्या मोठ्या माणसालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाण्याची सोय त्यात ठेवली होती. म्हणजे त्या दोन रुळांमध्ये १९२५ साली जो फाटा नव्हता, तो चौसष्ट वर्षांनी सरकारने टाकला. ज्या नाशिक भागातून त्या फायनलला पहिल्या आल्या, त्याच नाशकात.

दहावी राहून गेलेल्यांसाठी तर आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म आहे. शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा देता येते. वसईच्या बाजूलाही पहाटेच्या लोकलने फुलं-भाजी घेऊन दादरला जाणाऱ्या, घरचं सगळं उरकून वाडीत राबणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यातल्या एखादीची आठवी-नववीनंतरची शाळा लग्नात सुटलेली असते. तो फॉर्म भरायची तारीख दरवर्षी शाळा सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांत येते आणि बहुतेक वेळा घरात कुणाच्या लक्षात न येता निघून जाते.

कोसबाडच्या टेकडीवर नूतन बालशिक्षण संघाचं आवार आहे. डहाणू रोडला उतरून तिथे जाता येतं.